जुन्या लाकूडसामानाचा जीर्णोद्धार

आमच्या पनवेलींत जुने वाडे उतरवून त्या जागीं अनेक मजली इमारती उभ्या करण्याचें काम गेलीं कित्येक वर्षें चाललें आहे. वाडा पाडावा कीं राखावा, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न. त्यांत मी पडत नाहीं. परंतु वाडा रिकामा होतांना जें लाकूडसामान ओटीवर येऊन पडतें आणि भंगारवाला जें अर्ध्या तासांत हातगाडीवर घालून नेतो, त्याविषयीं वाचकांनीं घटकाभर विचार करावा, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

हें सामान ज्या हातांनीं घडविलें ते हात सामान्य नव्हते. १८३० सालीं सर जॉन माल्कम यांच्या अमदानींत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनीं पनवेल बंदरास येऊन तेथून मुंबईस जाऊं लागला. १८६३ सालीं आगगाडी घाट चढली व तो ओघ दुसरीकडे वळला. तथापि पनवेलचा गाडीचीं चाकें घडविण्याचा धंदा त्यानंतरही नांवाजलेला होता, हें एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरांत नमूद आहे. तुंब्यांत आरे ठोकून खिळ्यावांचून चाक उभें करणारा सुतार पलंगाचा सांधा खिळ्यावर कशाला सोडील? म्हणूनच असा पलंग डळमळूं लागला तरी तो बहुधा मेलेला नसतो; सांधे उकलून, साफ करून, पुन्हां बसविले कीं तो आणखी एक पिढी काढतो. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचें नवें कपाट मात्र एका पावसाळ्यांत ओल लागून फुगलें, कीं त्याला औषध नाहीं.

आमच्या आळींतील एक कुटुंब असेंच चौथ्या मजल्यावर राहावयास गेलें. मुलांनीं हौसेनें स्वयंपाकघर नवें करून घेतलें. गुळगुळीत दारें, छतापर्यंत भिडलेलीं कपाटें. घरांतील आजींची दृष्टि मंदावलेली. वाड्यांत त्या अंधारांतही मेतकुटाची बरणी नेमकी काढीत, कारण फडताळाचा कोणता कप्पा कोठें हें हातालाच ठाऊक. नव्या घरांत त्या प्रत्येक वस्तूसाठीं सुनेस हांक मारूं लागल्या, आणि कांहीं दिवसांनीं हांक मारणेंही त्यांनीं सोडलें. मोठी सून शहाणी. वाडा अजून पडावयाचा होता. तिनें सुतार नेऊन फडताळ चौकटीसकट काढविलें व आजींच्या खोलींत, पूर्वीच्याच उंचीवर बसविलें. आजी आतां मुलांच्या खाऊचा डबा त्यांत ठेवतात, आणि नातवंडांनीं त्यांच्याकडेच हात पसरावयाचा, असा नियम आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भिंतींतील फडताळास बाजू नसतात व पाठही नसते. भिंत हीच त्याची कूस. बाहेर काढल्यावर हातीं लागतात ती चौकट, दारें आणि फळ्या. बाजू व पाठ नव्यानें करावी लागते, व ती वाड्याच्याच एखाद्या जुन्या दाराच्या फळ्यांतून निघाली तर उत्तम. आपण ज्यास कपाट म्हणतों, त्या शब्दाचा संस्कृतांतील अर्थ दाराची फळी असाच आहे. उत्तरेकडे देवालयाचीं कपाटें उघडतात तीं याच अर्थानें. दाराचें कपाट करणें म्हणजे शब्दास त्याच्या माहेरीं पोंचविणें होय! पुस्तकांना दहा इंच खोली पुरते, डब्यांना एक फूट. जुनी खोली तेवढीच राखण्याचा हट्ट धरूं नये. लहान घरांत ती जागा खाते आणि मागच्या वस्तु मागेंच राहतात.

पलंग उंच असेल तर त्याखालीं चाकांचे दोन खण करून घ्यावेत. वर झांकण असावें, नाहींतर रजया धुळीनें भरतात. पेटारा खिडकीशीं मांडला तर वर बैठक व आंत अंथरुणें. मात्र त्याची कडी आधीं काढून टाकावी. खेळतांना मूल आंत शिरलें आणि कडी आपोआप अडकली तर काय होईल, तें लिहवत नाहीं. उंच कपाट भिंतीस पट्टीनें जखडावें, तेंही याच काळजीपोटीं.

लाकूड पारखतांना तेलपाण्याचा चकाकता दर्शनी भाग पाहूं नये. फळी उलटी करून पाहावी. सागाच्या गाभ्याचें लाकूड वाळवीस सहसा दाद देत नाहीं, सालीकडील फिकट लाकूड देतें. बारीक भोंकांखालीं पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. तें सामान औषधोपचार झाल्यावांचून नव्या घरांत आणूं नये. जुना तैलरंग कोरडा घासूं नये. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशांत कडक मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्यापूर्वीच्या रंगांत शिसें असण्याचा संभव पुष्कळ, व त्याची धूळ मुलांच्या मेंदूस अपाय करते. पाणी लावून घासावें, पोरांना दूर ठेवावें, निघालेला गाळ गोळा करून टाकावा. कोरीव शिसवी वस्तु असेल तर तिला करवत लावूं नये. ती जाणकारास दाखवून अखंड ठेवावी किंवा अखंडच विकावी. अशा खुर्चीचे पाय कापून चपलांची मांडणी केलेली मीं पाहिली आहे. करणाऱ्यास मोठा अभिमान वाटत होता.

कोंकणच्या हवेंत बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटें अंतर व जमिनीपासून तीन-चार इंच उंची हवीच. श्रावणांत खण अडकूं लागला म्हणून रंधा मारूं नये, वैशाखांत तोच खण खुळखुळेल. कडांना मेणबत्ती चोळली म्हणजे पुरे. सुतारकाम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढावें. फडताळ मात्र भिंत पडण्याआधींच सोडवावें लागतें, म्हणून बांधकामवाल्याशीं करार करतांनाच तें कोण व केव्हां काढणार हें लिहून घ्यावें, आणि नव्या इमारतीच्या लिफ्टचें व जिन्याच्या वळणाचें माप सुतारास आधींच द्यावें.