रायफल मुलांना पेलेल अशी द्या

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. दोन वर्षांनी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवलं. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत यांच्या राज्यात मुलांना नेमबाजीची ओढ वाटावी, यात नवल नाही. पण क्लबात त्यांच्या हाती येणारी रायफल अनेकदा मोठ्या माणसासाठी जुळवलेली असते. सकाळी ती कॉलेजातल्या खेळाडूच्या खांद्यावर असते आणि संध्याकाळी तीच बारा वर्षांच्या मुलीच्या.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंतच असू शकतं. ही कमाल मर्यादा आहे. ती गाठलीच पाहिजे असं बंधन नाही. तरीही ‘जड तेवढी स्थिर’ हा समज रेंजवर पक्का आहे.

त्यात तथ्य आहेच. दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि जड रायफल हाताची थरथर बरीच कमी करते. पण हा फायदा रायफल पेलणाऱ्यालाच मिळतो. पाच किलोची रायफल पंचाहत्तर किलोच्या माणसाच्या वजनाचा पंधरावा हिस्सा होते, चाळीस किलोच्या मुलीच्या वजनाचा आठवा. उभ्याने नेम धरताना डावं कोपर कमरेशी टेकवायचं आणि रायफलचा भार तोलायला पाठ मागे झुकवायची. रायफल जितकी जड, तितका बाक जास्त. प्रत्येक नेमाला ती एकदा उचलली, तरी स्पर्धेच्या साठ नेमांत तीनशे किलो उचलून होतात. सरावाचे नेम वेगळेच. शेवटच्या वीस नेमांत गुण घसरले की ‘एकाग्रता कमी पडली’ असं ऐकवलं जातं. खरं तर तोवर खांदे आणि पाठ थकलेली असते.

वजन कमी करायला नवी रायफल घ्यावीच लागते असं नाही. आधी नळीवरची जादा वजनं काढावीत. हवेचा सिलिंडर पोलादी असेल, तर त्याच मॉडेलला चालणारा अॅल्युमिनियमचा बसवावा. खांद्याला टेकणारा बट आखूड करून घ्यावा, म्हणजे भार शरीराच्या जवळ येतो.

मात्र घाई नको. पुढचं वजन एकदम काढलं, तर नळी हलकी पडून भिरभिरू लागते. एका वेळी एकच बदल करावा, काही दिवस गुण लिहून ठेवावेत, मगच पुढचा बदल. ताकद वाढेल तशी काढलेली वजनं परत चढवता येतात.

अमेरिकेत शाळकरी मुलांच्या स्पर्धांमध्ये ‘स्पोर्टर’ हा वेगळा गट आहे. त्यात रायफल साडेसात पौंडांपर्यंतच, म्हणजे सुमारे ३.४ किलोचीच चालते. आपल्याकडेही शालेय स्पर्धांच्या आयोजकांनी नवशिक्यांसाठी असा गट सुरू करावा.

क्लबांनी निदान एक हलकी ज्युनियर रायफल आणि रायफलला टेकू देणारा स्टँड ठेवावा. क्रीडा विभागाने साहित्याच्या अनुदानात या दोन्हींची तरतूद करावी. पालकांनीही प्रवेश घेण्याआधी प्रशिक्षकांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: इथल्या रायफलचं वजन किती, आणि ते आमच्या मुलासाठी कमी करून मिळेल का?