आपल्या माणसाची गाडी



“आपल्याच माणसाची गाडी आहे, तपासायचं काय त्यात?” लेकीसाठी जुनी गाडी शोधायला लागल्यापासून हे वाक्य मी उपाश्रयाच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, दुकानाच्या गल्ल्यावर, सगळीकडे ऐकलं. क्रोध हा कषाय आहे हे मला ठाऊक आहे. तरी या वाक्याचा मला राग येतो, आणि का येतो ते आज लिहूनच टाकते.

लेक पंचवीस वर्षांची. रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी, राहते आमच्याकडे अलिबागला. म्हणजे रोज रेवदंडा, साळावचा पूल, चणेरा, रोहा आणि तेच परत. दुसरी पाळी सुटल्यावर एसटी मिळेलच असं नाही. तिने पगारातून साठवलेले दीड लाख आणि बँकेचं अडीच लाखांचं कर्ज, एवढ्यात बसेल ती गाडी. “तुम्हाला शोभतं का, नवी घेऊन द्या” म्हणणारेही भेटले. परिग्रह-परिमाणाचं व्रत तोंडपाठ म्हणायचं आणि लेकीच्या डोक्यावर सात वर्षांचे हप्ते ठेवायचे, हे त्यांनाच लखलाभ.

माझं भांडण आहे ते पहिल्या वाक्याशी. ऐकायला ते विश्वासाचं वाटतं, पण असतो तो आळस. बघायला जायचं नाही, विचारायचं नाही, वाईटपणा घ्यायचा नाही, आणि उद्या ब्रेक लागला नाही तर “नशीब” म्हणायचं. बरं, ज्याच्या बाजूने हे बोललं जातं तो विकणारा असतो. पैसे मोजणाऱ्या पोरीची बाजू कुणी घेत नाही.

पंधरा दिवसांनी पाक्षिक प्रतिक्रमणात आपण तिसऱ्या व्रताचे पाच अतिचार आठवतो. चोरीचा माल घेणं, चोराला साहाय्य करणं, राज्याच्या नियमाविरुद्ध वागणं, कूटतुला-कूटमान म्हणजे खोटं वजन-माप, आणि तत्प्रतिरूपक व्यवहार म्हणजे अस्सलच्या नावाखाली नक्कल खपवणं. मला लहानपणी वाटायचं, हे जुन्या काळच्या वाण्यांसाठी असेल. आता तराजू इलेक्ट्रॉनिक झाले, आपला काय संबंध? जुन्या गाड्यांचा बाजार बघितल्यावर कळलं, पाचच्या पाच तिथे हजर आहेत. मीटर मागे फिरवणं हे कूटमान नाही तर काय आहे? पूर्वी मीटर आकड्यांच्या चाकांचं असायचं, आता डिजिटल आहे, आणि लॅपटॉप जोडला की काही मिनिटांत लाखाचे चाळीस हजार होतात. पुरात बुडालेली गाडी पॉलिश करून “एकहाती वापरलेली, डॉक्टरांची” म्हणून विकणं म्हणजे तत्प्रतिरूपक व्यवहार. (सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्याच कशा असतात, आणि ते फक्त रविवारीच कसे बाहेर पडतात, हे मला अजून उमगलेलं नाही.) चासी नंबर आरसीशी जुळवून न बघता गाडी घेणं ही पहिल्या अतिचाराकडे नेणारी वाट, आणि नाव न बदलता वर्षानुवर्षं चालवणं हा तिसरा अतिचार.

पुराचं मी उगाच म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा उभ्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. अशा वेळी विमा कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात लिलावात जाते. त्यातली प्रत्येक गाडी काही तोडली जात नाही. कुणीतरी घेतं, धुतं, सुकवतं, रंगवतं आणि ती पुन्हा रस्त्यावर येते. चालतेही छान. वायरिंगच्या जोडांना आत हिरवा गंज चढत असतो, आणि एका रात्री चणेऱ्याच्या पुढे दिवे बंद पडतात.

म्हणून गाडी दिवसाउजेडी बघायची. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्यात गाळ आहे का बघायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, पुराच्या पाण्याची रेघ तिथे राहून जाते. कार्पेटचा कोपरा उचलायचा, सीटखालच्या बोल्टला गंज आहे का हात लावून बघायचा. अत्तराचा वास जरा जास्तच असेल तर काच बंद करून पाच मिनिटं आत बसायचं, खालचा कुबट वास वर येतोच.

आपल्या किनाऱ्याला पुराशिवायही गंज आहे. खारा वारा पत्रा खातो, आणि खातो तो खालून. शनिवार-रविवारी काशीदला, नागावला पुळणीत गाड्या घालणारे तुम्ही पाहिले असतील. भरती आली की ट्रॅक्टरने ओढून काढावी लागते. त्या गाड्याही कधीतरी विकल्या जातात. त्यामुळे गाडी गॅरेजात वर उचलून चासीचा पत्रा, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर आणि दारांच्या खालच्या कडा बघितल्याशिवाय बोलणी करू नका. खालून नुकतंच काळं डांबरासारखं कोटिंग फासलं असेल तर खूश होऊ नका, आत काय झाकलंय ते विचारा. मेकॅनिक आपला न्यायचा, विकणाऱ्याने सुचवलेला नाही. आमच्या मेकॅनिकने एका गाडीचे हजार रुपये घेतले. अशा चार गाड्या दाखवल्या. चार हजार “वाया” गेले म्हणून आमचे हे कुरकुरले, पण तिसऱ्या गाडीची खालची पट्टी त्याने पेचकसाने टोचली तेव्हा पेचकस आरपार गेला. त्यानंतर कुरकुर थांबली.

आता मूळ गोष्ट. आमच्याच संघातल्या एका गृहस्थांची गाडी होती. नाव लिहिणार नाही. मीटरवर त्रेचाळीस हजार किलोमीटर, रंग चकचकीत, किंमत आमच्या ऐपतीत. शब्द टाकणारेही घरचेच. लेक ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि समोरचा खण उघडून कागद चाळायला लागली. त्यात दोन वर्षांपूर्वीचं सर्व्हिसिंगचं बिल निघालं, त्यावर किलोमीटर एकाहत्तर हजार. तिने आवाज न चढवता विचारलं, “काका, हे कसं?” मीटर बदललं असेल, गॅरेजवाल्याची चूक असेल, आता आठवत नाही, अशी उत्तरं आली. ती हात जोडून उठली.

पुढच्या आठवड्यात मला चार बायकांनी ऐकवलं की लेकीने मोठ्या माणसाचा अपमान केला. कागद बघायला नको होता, निदान बोलायला तरी नको होतं. एकीने विचारलं, “उद्या तिचं लग्न जमवायचंय ना याच समाजात?”

मैत्रिणींनो, अठ्ठावीस हजार किलोमीटर कुठे गेले, हे चौघींपैकी एकीनेही विचारलं नाही. आकडा खोटा होता हे कुणी नाकारलंही नाही. म्हणजे खोटं माप चालेल, खोटं माप दिसलं असं म्हणणं चालणार नाही! मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणारी माणसं आपण; त्या गाडीत रात्री अकराला जी पोर एकटी बसणार होती, तिचा जीव मुंगीएवढाही नाही का? विचारल्याने संबंध तुटतात म्हणतात. प्रामाणिक माणसाशी नाही तुटत. त्याला विचारलं तर तो बॉनेट उघडून दाखवतो.

स्वस्तात मोठी गाडी, हा दुसरा सापळा. दिल्ली नंबरच्या मोठ्या डिझेल गाड्या इकडे फार स्वस्त सांगतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. तिकडची एनओसी, इथली नव्याने नोंदणी, महाराष्ट्राचा कर, हे सगळं धरल्यावर ती स्वस्त राहत नाही. त्यापेक्षा लहान पण अलीकडची घ्या. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत यायला २०२१ संपावं लागलं. माझ्या लेखी या तारखा गाडीच्या रंगापेक्षा, अलॉय व्हीलपेक्षा आणि सनरूफपेक्षा मोठ्या आहेत. भाव करताना एक लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवीच स्वस्त झाली तर जुनीचा भाव गेल्या वर्षीचाच कसा?

नावाबद्दलही बोलते. “वडिलांच्या नावावर घ्या, लग्नानंतर भानगड नको” असा सल्ला आला. पैसे तिचे, हप्ता तिचा, चालवणार ती, आणि आरसीवर नाव वडिलांचं? आम्ही आई-वडील सोबत जाऊ, डोळे देऊ, घासाघीस करू. निवड तिची, सही तिची. आणि कागदावरचं नाव ही नुसती मानाची गोष्ट नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं, की गाडी विकली, हातोहात पुढे गेली, तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. तेव्हा “आपलीच माणसं, नाव सावकाश करू” म्हणणारा विकणारा स्वतःच्याही गळ्यात धोंडा बांधून घेतो.

शेवटी गाडी मिळाली ती रेवदंड्याच्या बाजूच्या एका कोळी दादांकडे. २०१९ च्या डिसेंबरची, छोटी, पेट्रोलवरची. आम्ही पोहोचल्यावर चहाच्या आधी दादांनी डाव्या बाजूचा ठोका दाखवला, “पोरानं गेटला घासली” म्हणाले, एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागतो हेही सांगितलं. सर्व्हिसिंगची सगळी बिलं वहिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, आकडे एकामागून एक चढत गेलेले. लेकीने कार्लेखिंडीचा चढ एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये चढवून पाहिला. मेकॅनिकने मान डोलावली.

गाडी दारात आली तशी कुजबुज सुरू झाली. त्यांच्या गाडीत मासळी नेली असेल हो! नेलीही असेल. आम्ही आतून दोनदा धुतली, सीट कव्हर बदलली (दुकानदार चामड्याची दाखवत होता, कापडी घेतली). मासळीच्या वासाने ज्यांचं नाक मुरडलं, त्यांना खोट्या मीटरचा वास आला नव्हता.

तुमच्या घरी कुणी गाडी बघत असेल तर एवढं करा. पैसे देण्याआधी मोबाईलवर परिवहन खात्याच्या अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाका. कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, ते दिसतं. ई-चलनही थकलेलं आहे का बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच बैठकीत घ्या, कोरे फॉर्म एजंटकडे सोडून येऊ नका. सीएनजीची टाकी असेल तर तिची आरसीवर नोंद आणि तीन वर्षांची चाचणी बघा. आणि विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे थोडा हप्ता वाढेल, तो आधीच हिशेबात धरा. आमच्या लेकीचे पेणच्या आरटीओतले कागद गेल्या मंगळवारी झाले.