फार्सी शिकावी ती शेजाऱ्याने!

पावसाळ्यातल्या दर शनिवारी निम्मं पुणं वरंध घाटाकडे लोटतं. भोर मागे पडलं आणि नीरा-देवघरचं पाणी दिसायला लागलं की हिर्डोशी येतं. कांदाभजी, फोटो, रील. रीलखाली हमखास एक ओळ : बाजीप्रभूंचा मुलूख! बरोबर आहे. हा हिरडस मावळ, बांदल देशमुखांचा, आणि बाजीप्रभू इथले देशपांडे. अभिमान असायलाच हवा.

पण मंडळी, एक प्रश्न. या मावळांबद्दलचे त्या काळचे कागद कुठल्या भाषेत आहेत? काही मोडीतल्या मराठीत आणि काही चक्क फार्सीत. आता सांगा, तुमच्या ओळखीत फार्सी वाचणारे किती? जर्मन बी-टू झालेले मोजा, जपानी एन-थ्री झालेले मोजा. हाताची बोटं पुरणार नाहीत.

भोरजवळच्या रोहिड्यावर तिसऱ्या दरवाजाच्या एका बाजूला मराठी शिलालेख आहे आणि दुसऱ्या बाजूला फार्सी. मुहंमद आदिलशहाने मे १६५६ मध्ये केलेल्या दुरुस्तीची ही खूण. आपण एकापुढे उभं राहून अक्षरं लावतो. दुसरा म्हणजे नक्षी!

शेजारच्या रोहिडखोऱ्यात कारीला कान्होजी जेधे. जून १६५९ मध्ये अली आदिलशहाचं फर्मान त्यांना आलं : अफजलखानाला सामील व्हा. कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं आणि ते महाराजांबरोबर राहिले. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण त्यांनी नेमकं काय नाकारलं ते त्या फर्मानात आहे आणि फर्मान फार्सीत आहे.

बरं, मराठी कागद तरी कळतात का? त्यावर तारीख असते 'तिसा खमसैन अलफ'. म्हणजे नऊ, पन्नास, हजार. शुद्ध अरबी! शुहूर सन १०५९, म्हणजे इसवी सन १६५८-५९. गंमत अशी की हे वर्ष सूर्य मृगात गेला की बदलतं. अंक अरबी, पंचांग शेतकऱ्याचं. दख्खन म्हणजे काय हे या एका ओळीत कळतं. अर्थात, वाचता आली तर.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पुण्यात दख्खनच्या इस्लामी विद्यांचं दोन वर्षांचं एम.ए. हवं, आणि त्यात भाषा हा ऐच्छिक विषय नको. पहिलं अख्खं वर्ष रोज चार तास फार्सी, जोडीला कामापुरती अरबी आणि मोडी. लंडनच्या सोआसने एम.ए.ला जोडून सघन भाषाशिक्षणाचे असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवले आहेत. लंडनला जमतं ते सदाशिव पेठेला का जमू नये?

नुसती भाषाही पुरत नाही. वतनाच्या भांडणाचा निवाडा महजरात लिहिलेला असतो आणि त्या मजलिशीत काझीही बसलेला दिसतो. त्याचा अधिकार काय होता हे कळायला इस्लामी कायदा शिकावा लागतो. मोगल बखरकार महाराजांना शिव्या घालतो, त्यातलं साच्यातलं दरबारी लेखन किती आणि खरा राग किती हे कळायला त्यांचं साहित्य वाचावं लागतं. नाहीतर आपण साच्यावरच संतापत बसतो.

"पण ती त्यांची भाषा!" असं म्हणणाऱ्यांसाठी : महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. ज्यांनी तो रचला त्यांना फार्सी नीट कळत होती. काढायचं तरी आधी वाचावं लागतं, राव! माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ चा. ग. ह. खऱ्यांनी ऐतिहासिक फार्सी साहित्याचे खंड काढले, सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रं मराठीत आणली. यातल्या कुणाच्या अभिमानाला धक्का लागला?

"भाषांतरं आहेत की!" आहेत, आणि ती याच चार-दोन माणसांनी आयुष्यं घालून केलेली आहेत. पगडी १९९४ मध्ये गेले, खरे त्याच्याही आधी. पुढचा कागद सापडला तर वाचणार कोण? आपल्या धंद्यात मूळ कोड न वाचता कुणी मत दिलं तर रिव्ह्यूमध्ये त्याची चामडी सोलतात. इतिहासाला मात्र फॉरवर्ड चालतो.

उरला करिअरचा प्रश्न, आणि तो खरा आहे. दोन वर्षं फार्सी शिकून पोरगं खाणार काय? पण म्हणून तर पाठ्यवृत्ती लागते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पाली, फार्सी आणि प्राकृतसाठी राष्ट्रीय संस्था विद्यापीठाच्या आवारात काढायचं लिहिलेलं आहे. त्यातली फार्सीची पुण्यात मागा. दरवर्षी दहा मुलं पुरेत. महाराजांच्या नावाने फ्लेक्स लावणारे पक्ष आणि सीएसआरचा पैसा कुठे घालायचा म्हणून बैठका घेणाऱ्या आपल्या कंपन्या, दोघांना मिळून दहा मुलं पोसता येत नसतील तर हा अभिमान नुसता छापील आहे.

असो. पुढच्या वेळी कुणी ग्रुपवर 'खरा इतिहास' टाकला की एवढंच विचारा : मूळ कागद वाचलास का, आणि कुठल्या भाषेत?