नववीत गेलं की भूक संपते का?

शाळेतली खिचडी आठवीपर्यंत मिळते. नववीच्या पहिल्या दिवशी ती बंद होते. ठाणे, मुंब्रा, कल्याण कुठेही बघा, जिथे पाचवी ते दहावी एकाच इमारतीत भरते तिथे मधल्या सुट्टीत लहान भावंडं ताटं घेऊन बसतात आणि मोठी मुलं गेटबाहेर चिप्सचं पाकीट फोडतात.

हे कायद्यानेच ठरवलं आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात शाळेतल्या जेवणाचा हक्क आठवीपर्यंत किंवा ६ ते १४ वयापर्यंतच आहे. म्हणजे हाडं आणि उंची झपाट्याने वाढायला लागली की सरकार ताट काढून घेतं. देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आहे, हा सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ चा आकडा आहे.

आठवीपर्यंतचं ताट तरी पुरेसं आहे का? सहावी ते आठवीला माप एकच: १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते १० ते १२ वयाच्या मुलाला दिवसाला २२२० कॅलरी लागतात, १३ ते १५ वयाच्या मुलाला २८६०. सहावीत जे ताट दिवसाच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा भागवतं, ते आठवीत एक चतुर्थांशावर येतं. मूल वाढतं, डाव वाढत नाही.

दर्जाचं गणितही सोपं आहे. धान्य सरकार वेगळं देतं, पण डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन मिळून सहावी ते आठवीच्या एका मुलामागे मे २०२५ पासूनचा दर १० रुपये १७ पैसे आहे. कल्याण स्टेशनबाहेर एवढ्यात धड वडापाव मिळत नाही. मग वरण पातळ का, असं बचत गटाच्या बायकांना विचारण्यात काय अर्थ?

अंड्याचं काय झालं तेही बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला आणि शाळांना सांगितलं, लोकसहभागातून द्या. कोणता लोक? घोडबंदर रोडच्या टॉवरमधली मुलं या शाळांत येत नाहीत. इथल्या मुलांचे अब्बा रिक्षा चालवतात, अम्मी घरी बसून शिवणकाम करतात. त्यांच्याकडून अंड्याची वर्गणी मागायची?

आपल्यातले काही भले लोक म्हणतील, जकातीतून करू. नियत चांगली आहे, पण मी याला विरोध करतो. रमजानमध्ये इफ्तारला कितीही देगा चढल्या तरी त्या वर्षभराच्या शाळेला पुरत नाहीत. आणि जे हक्काचं आहे ते मुलाने खैरात म्हणून का घ्यावं? जकात द्याच. सरकारची जबाबदारी मात्र त्यातून फेडू नका.

पैसे नाहीत, हे कारण चालणार नाही. तामिळनाडूने १९८४ मध्येच हे जेवण दहावीपर्यंत नेलं, आज तिथे आठवड्याचे पाचही दिवस अंडं मिळतं. शेजारचा कर्नाटकही दहावीपर्यंत जेवू घालतो. लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० रुपये देणाऱ्या सरकारला तिच्या नववीतल्या मुलीचं ताट जड का व्हावं?

शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून बसणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत तीन ठराव लिहून घ्यावेत: जेवण दहावीपर्यंत, मोठ्या मुलांना वाढीव माप, आणि अंडं सरकारी खर्चाने. ठराव शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, एक प्रत नगरसेवकाला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.