बापाचे रक्त फक्त मुलालाच?

"बापाचंच रगत हाय, कुठं जाईल!" दारुड्याच्या मुलाबद्दल हे वाक्य आमच्या भागात सर्रास ऐकू येते. सोयरीक जुळवताना मुलाचा बाप पितो का, याची आधी चौकशी होते. मुलीच्या रक्ताची चौकशी मात्र कुणी करीत नाही. जणू बापाचे रक्त तिच्यात उतरतच नाही! माझे वडील पितात. तेव्हा हा प्रश्न माझ्या भावाइतकाच माझाही आहे.

शास्त्र काय म्हणते? स्वीडनमधील दत्तक मुलांच्या अभ्यासावरून १९८१ साली क्लोनिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनाचे दोन प्रकार मांडले. त्यातला एक बापाकडून मुलाकडेच उतरतो, असे त्यांचे म्हणणे. आमचे गाव तरी वेगळे काय म्हणते? पण १९९२ साली केंडलर यांनी अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या जुळ्या बहिणींचा अभ्यास मांडला आणि स्त्रियांतही निम्म्याच्या आसपास वाटा अनुवंशाचा निघाला. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही निम्माच. स्त्री-पुरुषांत ठळक फरक नाही. निम्मा वाटा म्हणजे निम्मी मुले दारुडी होणार असा हिशेब नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तो निम्मा.

उतावळेपणाचेही तसेच. जोखमीची हौस पुरुषांत सरासरीने जास्त आढळते. मनाला आवर घालण्याच्या ताकदीत फारसा फरक नाही. "पुरुषाची जात, हात उचलणारच" म्हणणाऱ्यांनी हे ऐकावे.

मग २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात पिणारे पुरुष १८.८ टक्के आणि स्त्रिया अवघ्या १.३ टक्के का? (न सांगणाऱ्या बायका असतीलच.) हळदीच्या मोंढ्यातून सुटलेला हमाल वाटेत अड्ड्यावर टेकतो. दिवसभर निंदून आलेली बाई सरपण घेऊन घर गाठते. तिला टेकायला जागाच नाही. बियाणे दोघांच्याही पदरात, पाणी एकाच्याच शेतात सोडलेले.

माझा भाऊ दहावीत आहे. हल्ली तोच हसून म्हणतो, "माझ्या तर रगतातच हाय, ताई." दुसऱ्यांनी रोज म्हटलेले पोर खरे मानू लागते, याची मला रक्ताहून जास्त भीती वाटते.

निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले की गावचे दारू दुकान बंद होते. हातभट्टीला परवानाच नसतो, तिथे मत कशावर घेणार? ते गावाने पाहावे. आपल्या हाती आहे ते राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबीर. तिथे व्यसनमुक्तीचे व्याख्यान मुले मांडवात ऐकतात आणि मुली त्या वेळी पोळ्या लाटतात. यंदा पोळ्या व्याख्यानानंतर लाटू. मुलांनीही लाटाव्यात.