पिवळ्या फुलांची वेल आणि अंगणाचा विवेक

सारंगखेड्यासारख्या तापीकाठच्या गावात काळ्या मातीच्या परसाला हिरवाई लाभण्यास वेळ लागत नाही. त्यामुळे रोपवाटिकेतून आणलेल्या वेडेलियाच्या चार कांड्या कोणी कौतुकाने कोपऱ्यात खोचतो. पाने तकतकीत, फुले पिवळीधमक आणि निगा जवळजवळ शून्य! पहिले वर्ष आनंदात जाते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र मोगऱ्याचे आळे दिसेनासे होते, कढीपत्त्याच्या बुंध्याशी जाळे विणले जाते आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या वाफ्यातही तीच फुले डोलू लागतात.

ही वेल मूळची मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. शोभेसाठी ती जगभर नेली गेली आणि पुढे जगातील १०० अत्यंत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत तिचे नाव आले. तिचे सामर्थ्य बियांत नसून पेरांत आहे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, म्हणून तुटलेला बोटभर तुकडाही नवे रोप होतो. आपल्याकडील औषधी पिवळा माका हा तिचाच आप्त. दोघांची फुले सारखी दिसतात. वेडेलियाच्या पानाला मात्र बहुधा दोन्ही बाजूंना खांदे फुटलेले असून पान तीन भागांचे भासते. ही ओळख पटल्याशिवाय काहीही उपटू नये.

येथे श्रावकाच्या घरात प्रश्न उभा राहतो. वनस्पतिकाय जीव एकेंद्रिय असला तरी जीवच आहे. मग हिरवे जाळे उपटावे कसे? आणि न उपटावे, तर त्याखाली गुदमरणाऱ्या इतर रोपांचे काय? तणनाशक फवारल्यास हात मळत नाहीत, एवढ्यावरून हिंसा कमी होत नाही. फवारा शेजारच्या रोपांवरही उडतो आणि मातीतही उतरतो. त्यापेक्षा हाताने, सावकाश, यतनापूर्वक काढणे अधिक सौम्य.

त्यालाही काळवेळ आहे. चातुर्मासात माती मऊ असते, पण सूक्ष्म जीवांची दाटीही तेव्हाच असते. कार्तिकी पौर्णिमेनंतर, दत्तजयंतीच्या यात्रेसाठी सारंगखेड्यात घोडे येऊ लागतात त्या सुमारास, मातीत ओल टिकून असते आणि जीवांची वर्दळ कमी झालेली असते. दिवसाउजेडी आधी जाळे हलकेच उचलावे, खालच्या बेडकाला, गांडुळाला सरकण्यास अवधी द्यावा. मग कडेकडून आत जात खुरप्याने मुळांसकट पेरे काढावीत. काढलेल्या वेली फरशीवर पूर्ण वाळू द्याव्यात. ओल्या असताना त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. नदीकाठी किंवा नाल्यात तर मुळीच टाकू नयेत. तापीच्या पाण्याबरोबर एक तुकडा खालच्या गावाच्या बांधापर्यंत जाऊ शकतो. पुढे दर पंधरवड्याला एक फेरी मारून नवे कोंब काढावे लागतात. एका हंगामात काम संपले, असे सहसा होत नाही. पिवळी फुले हवीच असतील, तर ती फरशीवरच्या कुंडीत राखावीत आणि लोंबणारी टोके मातीला टेकू देऊ नयेत.

गुणव्रतांपैकी अनर्थदंड-विरमण व्रतात प्रमादचर्येचा निषेध सांगितला आहे. विनाकारण माती उकरणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे हे त्यात येते. उपटण्याची वेळ आली की या व्रताची आठवण होते. पण प्रमाद त्याआधीच घडलेला असतो. ज्या दिवशी अनोळखी वेल केवळ देखणी म्हणून जमिनीत खोचली गेली, त्या दिवशीच पुढच्या हिंसेचे बीज पडले. अंगणात काही लावताना घटकाभर थांबून ‘हे किती पसरेल, आणि कोणाच्या वाट्याची जागा घेईल?’ एवढे विचारणारा गृहस्थ पुढे अनेक जीवांना अभय देत असतो. खुरपे हाती घेण्याची वेळच येऊ न देणे, ही बागेतली मोठी यतना होय.