विश्लेषण : गेमिंग पीसी कधी अपग्रेड करावा? चंद्रपूर-गडचिरोलीत आधी उन्हाचा हिशेब का मांडावा?

एप्रिल लागला की चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीत दुपारच्या वेळी पीसीवरचा गेम अडखळू लागतो. फ्रेम गळतात, पंखे जोरात फिरतात, कधी मशीन मध्येच बंद पडते. मग घरात मागणी होते ती नव्या ग्राफिक्स कार्डाची. पण या दोन जिल्ह्यांत दुखणे कार्डाचेच असेल असे नाही. ऊन, धूळ आणि विजेचा चढउतार यांचा हिशेब न मांडता आणलेले महागडे कार्डही पुढच्या उन्हाळ्यात तसेच अडखळते. याच पीसीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात आणि अभियांत्रिकीचा अभ्यासही होतो. त्यामुळे चुकीच्या खरेदीची झळ साऱ्या घराला बसते.

गेम उन्हाळ्यातच का अडखळतो?

प्रोसेसरवरचा पंखा आणि हीटसिंक खोलीतल्या हवेनेच गारवा देतात. खोलीपेक्षा थंड ते काहीच करू शकत नाहीत. जानेवारीत खोलीचे तापमान २५ अंश आणि खेळताना प्रोसेसरचे ७० अंश असेल, तर फरक ४५ अंशांचा. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली की फरक साधारण तेवढाच राहतो आणि प्रोसेसर ८७ अंशांच्या आसपास पोहोचतो. रायझन ५००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे, रायझन ७००० मध्ये ती ९५, तर इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये १०० किंवा त्याहून थोडी जास्त. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. तिथले आकडे पाहून इथे खरेदी करणे म्हणजे पुण्याच्या हवामानावर विदर्भात पेरणी करण्यासारखे आहे.

धूळ आणि कूलरचा काय संबंध?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूरचा समावेश केला होता. कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि औष्णिक केंद्र यांच्या परिसरात घरात येणारी बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये थर धरते आणि हवा अडवते. वर्षातून किमान दोनदा, त्यातही मार्चमध्ये नक्की, ब्लोअरने सफाई करावी. सफाईआधी पीसीची वायर काढावी आणि पंखे बोटाने धरून ठेवावेत. तीन-चार वर्षे जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. हा खर्च काही शे रुपयांचा आहे आणि काही घरांत अपग्रेडची गरज इथेच संपते.

दुसरी चूक कूलरची. विदर्भात कूलर घरोघरी असतो आणि पीसीला ‘गारवा मिळावा’ म्हणून तो थेट कॅबिनेटकडे वळवला जातो. कूलरच्या हवेत ओलावा असतो, क्वचित पाण्याचे तुषारही. धूळ आणि ओल एकत्र आली की मदरबोर्डवर गंज धरतो. कूलरने खोली थंड करावी, खिडकी उघडी ठेवावी, पण हवेचा झोत कॅबिनेटवर घेऊ नये.

विजेचा प्रश्न कार्डाआधी का सोडवायचा?

चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे, महानिर्मितीचे सर्वांत मोठे. तरी वादळी पावसात लाइट जाणे आणि दाब कमी-जास्त होणे इथल्या घरांना नवे नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. याचा मार बसतो एसएमपीएसला, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायला. बिननावाच्या स्वस्त एसएमपीएसवर ‘५०० वॉट’ छापलेले असले तरी तेवढी वीज तो सतत देईल याची खात्री नसते. चांगल्या कंपन्या किती अंश तापमानापर्यंत पूर्ण क्षमता मिळेल हे लिहितात. कुठे ते ४० अंश असते, कुठे ५०. चंद्रपुरात ५० अंशांचाच घ्यावा.

यूपीएसचेही तसेच. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्याहून जास्त वीज खेचत असतील तर लाइट जाताच यूपीएसही हात टेकतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्ह असावा आणि त्याचे बटण ‘यूपीएस’ मोडवर असावे. थ्री-पिनचे अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. विजा कडाडू लागल्या की पीसीच्या वायरसोबत इंटरनेटची केबलही काढावी. वीज तिथूनही आत येते.

अडचण कुठे आहे हे कसे ओळखावे?

नेहमीचा गेम पहाटे पाच वाजता अर्धा तास खेळावा आणि दुपारी तीन वाजता पुन्हा तेवढाच. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत साधनाने तापमान, वेग आणि वापराची टक्केवारी पडद्यावर दिसते. पहाटे गेम सुरळीत आणि दुपारी अडखळत असेल तर दोष उष्णतेचा. त्यावर उपाय सफाई, चांगला सीपीयू कूलर आणि कॅबिनेटला एखादा जास्तीचा पंखा.

दोन्ही वेळा सारखेच अडखळत असेल तर पुढे पाहावे. ग्राफिक्स कार्ड ९५ ते ९९ टक्के वापरात असेल तर मर्यादा कार्डाची. कार्ड निम्मेच वापरात असूनही फ्रेम कमी असतील तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम मागे पडते. खात्रीसाठी गेमचे रेझोल्यूशन कमी करावे. फ्रेम वाढल्या तर दोष कार्डाचा, न वाढल्यास प्रोसेसरचा. ८ जीबी रॅम पूर्ण भरलेली असेल आणि नकाशा उघडताना झटके बसत असतील तर कारण रॅम किंवा जुनी हार्ड डिस्क.

एक गल्लत नेहमी होते. खेळाडू जागच्या जागी उड्या मारतो, गोळी लागूनही लागत नाही, हा प्रकार पिंगचा, म्हणजे इंटरनेटचा. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. गडचिरोलीतल्या मोबाइल हॉटस्पॉटवरून तिथवर जाणारा विलंब कोणतेही कार्ड कमी करू शकत नाही.

मग अपग्रेडची खरी वेळ कोणती?

पहिली वेळ, हवा तो गेम सुरूच होत नाही तेव्हा. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम : द डार्क एजेस’ (२०२५) या गेमना रे ट्रेसिंग करणारे कार्डच लागते. जीटीएक्स १०६० वर सेटिंग कितीही खाली आणून उपयोग नाही.

दुसरी, सॉफ्टवेअरचा आधार संपतो तेव्हा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एनव्हीडियानेही जीटीएक्स १००० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. सुरक्षेची अपडेट तेवढी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. पण विंडोज ११ साठी लगेच नवा पीसी घेण्याची घाई नको. इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर साधारणपणे चालतात. टीपीएम २.० नसल्याचा संदेश आला तरी ते बहुधा बायोसमध्ये नुसते बंद असते.

तिसरी, मॉनिटरला न्याय मिळत नाही तेव्हा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रे दिसत नाहीत. त्यावर १४० फ्रेमसाठी कार्ड घेणे व्यर्थ. उलट गेममध्ये फ्रेमला ६० ची मर्यादा घातली तर कार्ड कमी तापते.

येऊ घातलेल्या गेमसाठी आगाऊ खरेदी मात्र टाळावी. जीटीए ६ साठी जाहीर झालेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची आहे. पीसीची तारीख त्यात नाही.

कोणता भाग कशाला बसतो?

तपासणीची सुरुवात मदरबोर्डच्या पूर्ण नावापासून करावी. ते विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये किंवा सीपीयू-झेड या मोफत साधनात दिसते. ते घेऊन बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरची प्रोसेसरची यादी पाहावी. सॉकेट सारखे म्हणजे जोडी जमली असे नाही. इंटेलचे एलजीए ११५१ हे नाव सहाव्या ते नवव्या पिढीपर्यंत होते. तरी सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही.

एएमडीच्या एएम४ वाल्यांचे नशीब बरे. २०१८ च्या बी४५० बोर्डावरचा रायझन ५ २६०० काढून रायझन ५ ५६०० बसवता येतो. अट एकच, आधी बायोस अपडेट हवे आणि तेही जुना प्रोसेसर जागेवर असताना. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएस आधी घ्यावा, तो यासाठीही.

रॅमच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ स्टिकच्या खाचा वेगळ्या असतात. एकीची स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये बसत नाही. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० वर बोर्डागणिक दोन्हींपैकी एक. एकच स्टिक लावलेली असेल तर त्याच वेगाची दुसरी लावल्याने ड्युअल चॅनेल सुरू होते आणि थोड्या पैशांत फरक जाणवतो. एसएसडी घेताना बोर्डावरचा एम.२ स्लॉट एनव्हीएमई आहे की फक्त साटा, हे पाहावे.

ग्राफिक्स कार्डासाठी तीन गोष्टी मोजाव्या लागतात : कॅबिनेटमधली लांबी मिलिमीटरमध्ये, एसएमपीएसचे वॉट आणि त्याच्या ६ किंवा ८ पिनच्या वायरी. वायर नाही म्हणून जुगाडू अडॅप्टर लावणे हा आगीशी खेळ आहे. कार्यालयांतून निघालेले सेकंडहँड ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्त मिळतात, पण त्यांच्या एसएमपीएसला बहुधा ही वायर नसते. तिथे ७० वॉटचे, वेगळी वायर न मागणारे आरटीएक्स ३०५० (६ जीबी) चालू शकते. डेस्कटॉप लहान असेल तर कमी उंचीचे कार्ड शोधावे लागते.

कमी वॉटचे कार्ड इथे जास्त शहाणपणाचे का?

पीसी जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. ३५० वॉटचा पीसी मे महिन्यात म्हणजे खोलीतली छोटी शेगडीच. रोज तीन तास खेळल्यास महिन्याला सुमारे ३१ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर टप्पा बदलतो, त्यामुळे वाढलेले युनिट वरच्या दरात जाऊ शकतात. आरटीएक्स ३०६० चे १७० वॉट, ५०६० चे १४५ आणि ४०६० चे ११५ असा फरक इथे थंडाव्यात आणि बिलात दोन्हीकडे मोजला जातो.

आता घ्यावे की थांबावे?

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले. चिप कंपन्यांनी आपले उत्पादन एआय सर्व्हरकडे वळवले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी डीडीआर५ साठी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदम बदलणे महागात पडते. हातातली डीडीआर४ रॅम टिकवून त्याच बोर्डावर बसणारा प्रोसेसर घेणे हा सध्याचा शहाणा मार्ग.

खरेदीचा महिनाही पाहावा लागतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सिरोंचाहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरपेक्षा दूर, नागपूर त्याहून पुढे. चुकीचा भाग परत करण्याची मुदत काही दिवसांची असते आणि पार्सल पुरात अडकले तर ती तशीच संपते. त्यामुळे मोठी खरेदी दिवाळीनंतर करावी आणि भाग मेपूर्वी दुपारच्या उन्हात तपासून घ्यावेत.

पैशांचा क्रम असा असावा : आधी सफाई आणि अर्थिंग, मग भरवशाचा एसएमपीएस आणि यूपीएस, मग एसएसडी आणि दुसरी रॅम, त्यानंतर प्रोसेसर आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड. दुकानदार आणि जाहिराती हा क्रम उलटा सांगतात, कारण नफा शेवटच्या वस्तूत जास्त दिसतो. मुलाने कार्ड मागितले तर पालकांनी नकार देण्याआधी किंवा पैसे काढण्याआधी पहाटेच्या आणि दुपारच्या चाचणीचे आकडे मागावेत. आकडे कार्डाकडे बोट दाखवत असतील तर खर्च योग्य. अन्यथा त्या पैशांतला मोठा भाग घरातच राहील आणि गेमही चालेल.